मरणाबद्दल गटात बोलायचं कसं? आधी दोन बैठका वेगळ्या करा

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही सिंहगड रस्त्यावरच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचं काम बघता. वर्षभरात संघातले चार सभासद गेले. दर वेळी दोन मिनिटं मौन, फळ्यावर नाव, आणि पुढच्याच आठवड्यात सहलीची वर्गणी. हे तुम्हाला खटकलं, म्हणून ‘मृत्यूविषयी मोकळेपणाने’ असा कार्यक्रम ठेवून तुम्ही एका डॉक्टरांना बोलावलं. ते लिव्हिंग विलबद्दल, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याबद्दल सांगत असताना एक बाई उठून बाहेर गेल्या. चार महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले होते. त्या दिवसापासून त्या संघात आलेल्या नाहीत. सचिव म्हणतात, असले अभद्र विषय पुन्हा नकोत. तुम्ही विचारताय, माझं चुकलं का, आणि पुन्हा करायचं तर कसं करायचं?

मी शिक्षणाने वैद्यकीय समाजसेविका. अकरा वर्षं कॅन्सरच्या रुग्णांबरोबर काम केलं आणि गेली सोळा वर्षं पुण्यात, जवळचं माणूस गेलेल्यांचे छोटे गट चालवते. खाली जी माणसं येतील त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तुमचा हेतू चुकला नाही. दोन निरनिराळी कामं एका खोलीत, एका दिवशी आली, एवढंच झालं. आपल्या मरणाबद्दल बोलायचं तेव्हा माणूस पुढे बघत असतो. ते अजून यायचं असतं, त्यामुळे कुतूहल असतं, थोडी भीती असते, कागदपत्रांची चौकशी असते, कधी हसूही येतं. दुःखाबद्दल बोलायचं तेव्हा तो मागे बघत असतो. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं आणि त्यातलं काही आता बदलता येत नाही. ‘व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा’ असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा धडधाकट माणसांना ती माहिती वाटली असेल. ज्या बाईने चार महिन्यांपूर्वी आयसीयूच्या दाराबाहेर कागदावर सही केली असेल, तिला त्याच वाक्यात ‘तुम्ही आधी का नाही बोललात?’ असं ऐकू आलं असेल. हा माझा अंदाज आहे, खरं काय ते त्याच सांगू शकतील. पण अशा वेळी उठून जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि बहुतेकांना त्या क्षणी कुणीतरी दोष दिल्यासारखं वाटलेलं असतं.

तुम्ही लिहिलंय की परदेशातल्या डेथ कॅफेबद्दल, म्हणजे चहा पीत मरणाबद्दल गप्पा मारायच्या बैठकांबद्दल वाचून ही कल्पना सुचली. त्याची गोष्ट मुळातून पाहण्यासारखी आहे. बर्नार्ड क्रेटाझ या स्विस समाजशास्त्रज्ञाने २००४ मध्ये नूशातेल गावी अशी पहिली बैठक घेतली. त्यावरून लंडनमध्ये जॉन अंडरवुड यांनी २०११ मध्ये आपल्या घरी चहा-केक ठेवून डेथ कॅफे सुरू केला. त्यांचे नियम थोडे आहेत पण पक्के आहेत. नफा कमवायचा नाही, काही विकायचं नाही, कुणाला कुठल्या निष्कर्षाकडे ओढायचं नाही. आणि एक गोष्ट ते स्पष्ट सांगतात की हा शोकातल्या माणसांसाठीचा आधारगट नाही आणि समुपदेशनही नाही. म्हणजे ज्यांनी ही पद्धत रुजवली त्यांनीही या दोन गोष्टींमध्ये भिंत ठेवली. आपण ती कल्पना उचलताना भिंत तिकडेच राहते. सुरुवातीच्या काळात मीही हीच चूक केली होती. एका सभागृहात मी ४० मिनिटं इच्छापत्रावर बोलले, आणि पहिल्या रांगेत एक वडील बसले होते ज्यांचा मुलगा तीन महिन्यांपूर्वी गेला होता. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून आधी दुःखाच्या बैठकीबद्दल बोलते, कारण तुमच्या संघाला तिची गरज जास्त आहे.

आपल्याकडे पहिले तेरा दिवस फार विचार करून बांधलेले आहेत. शेजारून डबे येतात. रात्री सोबतीला कुणीतरी झोपायला असतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ‘कसं झालं’ ते सांगावं लागतं, आणि तीस-चाळीसदा तेच सांगता सांगता ते खरंच घडलंय हे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या कानावर पडायला लागतं. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवून सगळे कावळ्याची वाट बघत उभे असतात. कावळा शिवत नाही. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘धाकट्याच्या लग्नाचं मनात होतं त्यांच्या.’ मुलगा हात जोडून चारचौघांत मोठ्याने म्हणतो, ‘मी करीन सगळं, काळजी करू नका.’ कावळ्यावर विश्वास असो वा नसो, गेलेल्या माणसाशी सगळ्यांदेखत बोलायची मुभा देणारी ती घटका आहे. तशी दुसरी मला माहीत नाही. बौद्ध घरांत जलदानविधीला लोक जमतात, मुसलमान घरांत चाळिसावा असतो. सगळ्यांनी आपापल्या परीने हे जपलंय.

पण तेराव्याला गोडाचं जेवण होतं, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि चौदाव्या दिवसापासून कुणी काही विचारत नाही. विचारलंच तर ‘सावरलात ना?’ एवढंच, आणि त्याला ‘हो’ खेरीज उत्तर चालत नाही. तुमच्या गटाचं काम या चौदाव्या दिवसाच्या पुढचं आहे. सचिवांना समजावतानाही हेच सांगा. आपण नवं किंवा परकं काही आणत नाही, घाटावर जे घडतं त्याला थोडी आणखी मुदत देतोय.

आता बसायचं कसं. आठ ते दहा माणसं, त्याहून जास्त नकोत. खुर्च्या गोल मांडा. व्यासपीठ नको, माइक नको, हार घातलेला फोटो नको आणि दीपप्रज्वलन तर नकोच, कारण त्याने लगेच शोकसभा होते आणि माणसं भाषणं करायला लागतात. सहा ते आठ बैठका, दर पंधरा दिवसांनी, आणि शेवटपर्यंत तीच माणसं. दर वेळी नवीन माणूस आला की जुन्यांना पुन्हा पहिल्यापासून उघडं व्हावं लागतं, आणि तिसऱ्या वेळी ते बोलायचंच सोडून देतात.

वेळ दुपारी चार ते साडेपाच. यावर मी अडून बसते. एकट्या राहिलेल्या माणसाला दिवेलागणीची वेळ सगळ्यात कठीण जाते. मन उघडं करून आलेल्या माणसाने अंधारात कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरावं आणि स्वतःच दिवा लावावा, हे मला पटत नाही. उजेड असताना घरी पोचू द्या. पावसाळ्यात मी चारचे साडेतीन करते.

बैठकीला दोन जण चालवणारे हवेतच. एक खोलीत, आणि दुसऱ्याचं काम एकच, कुणी उठून बाहेर गेलं तर त्यांच्यामागे जायचं. समजावून परत आणायला नाही, नुसतं शेजारी उभं राहायला. त्या दिवशी बाई उठल्या तेव्हा त्यांच्यामागे कोण गेलं, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. बहुधा कुणीच गेलं नसावं, कारण ते काम कुणाला नेमून दिलेलं नव्हतं. तुमच्या कार्यक्रमात एकच उणीव दाखवायची झाली तर मी ही दाखवीन.

सुरुवातीला नियम मोठ्याने सांगा. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. संघाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा नाही, ‘आजची हृद्य बैठक’ असंही लिहायचं नाही. न बोलता बसून राहायची पूर्ण मुभा आहे. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. कुणाचं दुःख मोठं हे मोजायचं नाही. देवाबद्दल, कर्माबद्दल प्रत्येकाने स्वतःपुरतं बोलायचं. आणि चालवणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत ‘मृत्यू’ हा शब्द स्वतःच्या तोंडाने एकदा उच्चारायचा. लोक ‘गेले’, ‘वारले’, ‘देवाज्ञा झाली’, ‘एक्स्पायर झाले’ काहीही म्हणोत, ज्याचा जो शब्द असेल तोच आपणही त्यांच्याशी बोलताना वापरावा. पण ‘मृत्यू’ हा शब्द इथे चालतो, हे कळायला कुणीतरी आधी तो घ्यावा लागतो.

पहिला प्रश्न ‘कसे गेले?’ हा नको. त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ झालेलं असतं आणि ते उत्तर दवाखान्यातच संपतं. पूर्वी मी ‘त्यांचं नाव काय?’ असं विचारायचे. एकदा सत्तरीच्या पुढच्या एका आजींना विचारलं आणि त्या गप्प झाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, ‘पन्नास वर्षांत नाव उखाण्यातच घेतलं हो. आता उखाणा कुठे घेऊ?’ खोलीत कुणी हललं नाही. मग शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘इथे घ्या की.’ आणि त्यांनी घेतला. लग्नातलाच, डाळिंबाच्या झाडाचा की कसला तरी. नाव उच्चारलं आणि मग कितीतरी वेळ रडल्या. तेव्हापासून मी विचारते, ‘तुम्ही त्यांना हाक काय मारायचात?’ कुणी ‘अहो’ म्हणतं, कुणी ‘मास्तर’, कुणी ‘बाळ्या’. एका गृहस्थांनी बायकोला ४४ वर्षं ‘ऐकलं का’ एवढीच हाक मारली होती. त्या हाकेतून माणूस खोलीत येतो, आणि तो आला की बाकीचं बोलणं आपसूक होतं.

आता सांत्वनाबद्दल, कारण गट मोडतात ते इथे. आपल्याला गप्प बसवत नाही. समोरचा रडायला लागला की आपल्या तोंडून ठरलेली वाक्यं निघतात: ‘सुटले बिचारे’, ‘मोठ्या वयात गेले, सोनं झालं’, ‘तुम्हीच असं केलंत तर मुलांनी कुणाकडे बघायचं’, ‘आता नातवंडांत मन रमवा’. बोलणाऱ्याची माया त्यात असते, पण प्रत्येक वाक्याचा अर्थ ‘आता थांबा’ असाच पोचतो.

यातलं एक वाक्य मला विशेष छळतं. एका सद्गृहस्थांची पत्नी ६८व्या वर्षी गेली. हिरवी साडी, भरलेली ओटी, भरला मळवट. भेटायला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, ‘भाग्याची हो, अहेव गेली.’ पाच महिन्यांनी आमच्या गटात ते म्हणाले, ‘माझ्या आधी गेली हे तिचं भाग्य असेल, तर मग माझ्या वाट्याला आलं त्याला काय म्हणायचं?’ त्यांना घरी रडता आलं नव्हतं, कारण बायकोच्या भाग्यावर रडायचं कसं? त्या दिवशी गटातल्या कुणीही त्यांना उत्तर दिलं नाही. प्रश्न तसाच मध्ये राहिला. पुढच्या वेळी ते सर्वांत आधी येऊन बसले होते.

बायकांचं याच्या उलट. नवरा जातो त्यासोबत पंक्तीतली जागाही जाते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांना तसं करण्याचं आवाहन केलं. पुण्यात बांगड्या फोडणं पुष्कळ घरांतून थांबलंय, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोपऱ्यात सरकून बसणं थांबलेलं नाही. तुमच्या संघात हळदीकुंकू होत असेल तर या वर्षी प्रत्येक बाईला वाण द्या, कुंकू लावायचं की नाही ते तिच्यावर सोडा. मोकळेपणाने बोला असं म्हणायचं आणि वाण देताना एकीला वगळायचं, असं असेल तर ती बैठकीत काही बोलणार नाही.

कुणी रडलं तर रुमाल पुढे करू नका. रुमाल हातात पडला की डोळे पुसावे लागतात. गोलाच्या मध्ये तांब्या-भांडं ठेवा, ज्याला हवं तो स्वतः उठून पाणी घेईल. शांतता पडली तर पडू द्या. मी मनातल्या मनात दहा श्वास मोजते. सातव्या-आठव्या श्वासाला कुणीतरी बोलतंच, आणि ते बोलणं सहसा आधीच्या सगळ्यापेक्षा खरं असतं. एखादा माणूस अर्धा तास एकटाच बोलत राहिला तर मात्र थांबवायला हवं. मी म्हणते, ‘हे मला नीट ऐकायचंय, बैठकीनंतर माझ्याजवळ थांबाल?’ आणि मग खरोखर थांबते.

चहा शेवटी ठेवा आणि त्याला २० मिनिटं द्या. गोलात एक अक्षर न बोललेली माणसं कप विसळताना बोलतात. त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे दार. चप्पल घालता घालता, खाली बघत, माणूस जे बोलतो ते ऐकायला चालवणाऱ्याने दाराशी उभं असलंच पाहिजे. ‘शेवटी पाणी मागत होते, मी दिलं नाही, नर्स नको म्हणाली होती’ हे वाक्य मी दाराशीच ऐकलंय, एकदा नव्हे. खुर्चीत बसून ते कुणी बोलत नाही.

पुरुषांबद्दल एक सांगायला हवं. ते बिलं सांगतात, मेडिक्लेमने काय नाकारलं ते सांगतात, ॲम्ब्युलन्स किती वाजता आली ते मिनिटानिशी सांगतात. ‘भावना सांगा’ म्हणून त्यांना तोडू नका. त्या हिशेबातच त्यांची सगळी धावपळ आहे, आणि ती फुकट गेली याचं दुःखही तिथेच आहे.

आणि एका मरणाबद्दल बोलायला आलेला माणूस दुसऱ्याच मरणापाशी पोचतो, याची तयारी ठेवा. बायकोसाठी आलेले एक आजोबा पाचव्या बैठकीत अचानक १२ जुलै १९६१ बद्दल बोलायला लागले. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, नदीकाठच्या पेठेत राहायचे. वाड्यातला त्यांच्या वयाचा एक मित्र त्या दिवसानंतर दिसला नाही. सगळ्यांचीच घरं गेली होती, त्यामुळे एका पोराबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नाही. नवी जागा, नवी शाळा, संपलं. साठ वर्षं पुराची गोष्ट सांगताना ते पाणी कुठवर चढलं तेच सांगत आले होते. त्या मित्राचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. तुमच्या संघातही त्या पिढीची माणसं असतील. आणि २०२१च्या एप्रिल-मेमधल्या कोरोनाच्या लाटेतलीही असतील, ज्यांना शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही, ज्यांच्या घरी कुणी भेटायला येऊ शकलं नाही. त्यांचे तेरा दिवसच झालेले नाहीत. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं सांगू द्या. वेळ लागेल, लागू द्या.

‘मी कुठल्या पायरीवर आहे?’ हा प्रश्न हमखास येतो. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार या पाच अवस्था एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, पण त्या स्वतःच्या मरणाला सामोरं जाणाऱ्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या, आणि लोक त्यांना जिन्यासारख्या चढायला लागले. ‘मला अजून राग येत नाही, माझं काही बिघडलंय का?’ असं मला एका बाईंनी विचारलंय. माझ्या अनुभवाशी जास्त जुळतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं. माणूस दोन बाजूंमध्ये झोके घेतो. सकाळी बँकेत जाऊन वारसाचा अर्ज भरतो, नातवाला शाळेतून आणतो, दुपारी कपाट उघडून शर्टाचा वास घेत बसतो. दोन्ही बाजू लागतात. नुसतं कपाटापाशी बसलेलं आणि नुसतं बँकेत धावत राहिलेलं, दोन्ही माणसांकडे थोडं लक्ष द्यावं.

गट सगळ्यांसाठी नसतो, आणि इथे परिस्थितीप्रमाणे ठरवावं लागतं. पहिल्या दोन महिन्यांत मी सहसा कुणाला गटात घेत नाही, घरी जाऊन भेटते. मुसलमान विधवा बाई इद्दतमध्ये, म्हणजे नवरा गेल्यानंतर घरी राहून पाळायच्या काळात असेल तर तिचे चार महिने दहा दिवस होऊ द्यावेत, तोवर घरीच जावं. मूल गेलेले आई-बाप आणि आत्महत्येने माणूस गमावलेलं घर, यांना तुमच्या संघातल्या मिश्र गटात बसवू नका. त्यांचे प्रश्न निराळे असतात आणि बाकीच्यांच्या एखाद्या साध्या वाक्यानेही ते जखमी होतात. त्यांच्यासाठी अनुभवी समुपदेशक हवा. कुणी ‘आता जगून काय करू’ म्हणालं तर घाबरून विषय बदलू नका, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र असते, मराठीतही बोलतात. तो क्रमांक खोलीत लिहून ठेवा. आणि सहा महिने, वर्ष उलटूनही माणसाचं जेवणखाण, झोप, घराबाहेर पडणं रुळावर आलंच नसेल तर ते गटाच्या आवाक्यातलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाची आता वेगळी नोंद आहे, त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा धरतात. अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी एक वर्ष. पण तारखेवर जाऊ नका, माणसाकडे बघा. वर्षश्राद्धाच्या आसपास सगळेच पुन्हा कोसळतात, तो आजार नव्हे.

दुसरी बैठक, म्हणजे आपल्या मरणाच्या तयारीची, ती वेगळ्या महिन्यात, वेगळ्या नावाने घ्या. आधीच कळवा की यात आयसीयू, देहदान, इच्छापत्र हे विषय येणार आहेत, ज्यांना सध्या नको त्यांनी येऊ नये. इथे डॉक्टर चालतील, माइकही चालेल. लिव्हिंग विलला सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला मान्यता दिली. त्या वेळची पद्धत किचकट होती, २४ जानेवारी २०२३च्या आदेशाने ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरतं. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर पंखा बंद करायचा, डोके उशीवर थोडं उंच ठेवायचं, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांची संमती लागते, आणि शवविच्छेदन झालेला देह वैद्यकीय महाविद्यालय सहसा घेत नाही. हे लोकांना माहीत नसतं आणि ऐन वेळी घरात वाद होतात.

पुण्यासाठी एक प्रश्न मी या बैठकीत मुद्दाम घालते: मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल तर त्यांच्यासाठी थांबायचं का, आणि किती? माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत हा प्रश्न रात्री दोन वाजता, विमानाची तिकिटं शोधताना पहिल्यांदा निघालाय. मुलगा म्हणतो थांबा, काका म्हणतात इतका वेळ ठेवू नये, आई मध्ये बसलेली. ‘माझ्यासाठी थांबू नका, नंतर सावकाश या’ किंवा ‘तू येईपर्यंत थांबायला सांगितलंय’, यातलं कुठलंही वाक्य आधी फोनवर बोलून ठेवलं असेल तर मागे राहिलेल्यांची आयुष्यभराची टोचणी टळते.

सचिवांशी वाद घालू नका. ‘अभद्र’ म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात बहुतेक वेळा त्याचं स्वतःचं एक मरण दडलेलं असतं. त्यांना एवढंच सुचवा की पुढच्या वेळी कुणी गेलं तर दोन मिनिटं मौन झाल्यावर तिघांनी उभं राहून गेलेल्या माणसाची एकेक आठवण सांगायची. गुणगौरव नाही, आठवण. कॅरमला चिडायचे, चहात साखर जास्त लागायची, असली. त्याला ठराव लागत नाही, खर्च नाही. दोन-तीनदा असं झालं की बैठकीची मागणी सभासदांकडूनच येईल.

पण या सगळ्याच्या आधी, या आठवड्यात, त्या बाईंकडे जा. फोन करू नका, जा. जमलं तर संघातल्या एखाद्या बाईला सोबत घ्या, दोघांपेक्षा जास्त नको. चारच्या सुमाराला जा. ‘गैरसमज झाला’, ‘डॉक्टरांना तसं म्हणायचं नव्हतं’ असं काही बोलू नका, आणि संघात परत या असंही नको. ‘त्या दिवशी तुमच्यामागे यायला हवं होतं, आलो नाही, चुकलं’ एवढं म्हणा. त्या चहा टाकतील, टाकू द्या. बसल्यावर विचारा, ‘तुम्ही त्यांना हाक काय मारायचात?’ आणि मग तासभर तरी घड्याळाकडे बघू नका.

त्या बैठकीतलं काही त्यांनी स्वतःहून काढलं, ‘मी का उठले ते कळलं का तुम्हाला?’ असं विचारलं, तर ‘नाही, सांगा’ म्हणा.